रोशाचे गवत आणि जिरॅनिऑल

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्याने उपदेश करावा आणि मुलांनी तो निमूटपणे ऐकून घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी चाळीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले. त्यामुळे उपदेशाची सवय मलाही आहे. पण आज उपदेश शेवटी आणि थोडक्यात करणार आहे. त्याआधी तुम्हांला एका तेलाची आणि त्या तेलात दडलेल्या एका द्रव्याची हकीकत सांगणार आहे.

समोरच्या रांगेतील मुलांकडे मी एक लहान बाटली दिली आहे. बूच काढून वास घ्या आणि बाटली पुढे द्या. कोणी म्हणेल गुलाब, कोणी म्हणेल साबण, कोणी म्हणेल पावसानंतरचे गवत. तिघांचेही बरोबर आहे. हे भाषण जे पुढे स्मरणिकेत वाचतील त्यांच्या हाती बाटली नसेल. त्यांनी गुलाबाच्या दोन पाकळ्या आणि गवती चहाचे एक पान एकत्र चुरगाळून वास घ्यावा, म्हणजे मी कशाविषयी बोलतो आहे त्याची थोडीशी कल्पना येईल.

हे रोशाच्या गवताचे तेल आहे. या गवताला संस्कृतात रोहिष म्हणतात. आपल्याकडे रोशा किंवा रोशेल आणि काही भागांत तिखाडी असेही म्हणतात. इंग्रज व्यापाऱ्यांनी तेलाला पामरोझा हे नाव दिले. या तेलात शेकडा ७५ ते ८५ भाग, कधी त्याहूनही अधिक, एकच द्रव्य असते. त्याचे नाव जिरॅनिऑल.

भट्टीवरचे दिवस

माझे बालपण सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याच्या बाजूला गेले. आमच्या दादामियाँची, म्हणजे आजोबांची, रोशाच्या तेलाची भट्टी होती. हा धंदा खानदेशात फार जुना. इंग्रज सरकारने १८८० साली खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, त्यातही त्याचे वर्णन आहे. पावसाळा सरत आला, गवताला तुरे येऊ लागले, की मुसलमान भट्टीवाले भिल्लांकडून गवत विकत घेत. ओढ्याच्या काठी, जेथे लाकूड आणि पाणी मुबलक असेल तेथे, चूल खणीत. तिच्यावर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा चढवीत. त्यात चिरलेले गवत ठासून भरीत, पाणी ओतीत आणि झाकण कणकेने लिंपून बंद करीत. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला चिंध्या गुंडाळून वरून उडदाचे पीठ थापलेले असे. ती नळी दुसऱ्या हंड्यात जाई आणि तो हंडा वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेला असे. वाफ तेथे थंड होई. मग ते पाणी ओतून घेतले की वर तेलाचा तवंग येई, तो हलक्या हाताने काढून घ्यायचा. तेल निघालेले पाणी टाकून देत नसत, ते पुन्हा नव्या गवतावर ओतीत. हे तेल बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला, नाहीतर धुळे-मनमाडच्या वाटेने मुंबईला जाई.

हे सारे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. साधारण शंभर किलो गवतातून अर्धा किलोच्या आसपास तेल निघे. रात्रभर जागायचे, जाळ कमी होऊ द्यायचा नाही, जास्तही होऊ द्यायचा नाही. माझे काम लाकडे पुरविण्याचे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, काम वास घेण्याचे.

वास घेण्याचे काम हे काय, असे तुम्ही विचाराल. रोशाचे गवत दोन जातींचे असते. एक मोतिया, दुसरी सोफिया. दिसायला दोन्ही इतक्या सारख्या की वनस्पतिशास्त्रज्ञसुद्धा नुसत्या पात्यावरून फसतात. पण मोतियाच्या तेलाला गुलाबाच्या जवळचा वास असतो आणि भाव चांगला मिळतो. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल पुष्कळच कमी, वास उग्र आणि भावही उतरलेला. मोतिया बहुधा कोरड्या, उघड्या उतारावर येते, तर सोफिया ओलसर, सखल जागी. कोणत्या टेकडीवर काय उगवते हे भिल्ल बायांना पाठ असे. त्यांच्या त्या जाणकारीवर आमची भट्टी चाले, हे कबूल केले पाहिजे. पण भारे एकत्र आले की सरमिसळ होई. मग दादामियाँ आपाला हाक मारीत. ती प्रत्येक भाऱ्यातील एक तुरा चुरगाळी, नाकाशी नेई आणि भारा उजवीकडे की डावीकडे एवढेच सांगे. तिची चूक झालेली मला आठवत नाही.

आपा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. चौथी झाल्यावर तिची शाळा बंद केली होती. मी मुलगा होतो म्हणून मला पुढे शिकविले. माझे नाक मात्र तेव्हाही सुमार होते आणि आजही सुमारच आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आणि चुकीचे नाव

आता जरा पुस्तकाकडे वळू. १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या याच गवताच्या तेलातून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्याच्या लक्षात आले की हे द्रव्य कोरड्या कॅल्शियम क्लोराइडबरोबर घट्ट स्फटिकासारखे संयुग बनविते. ते संयुग वेगळे करून पाण्यात टाकले की द्रव्य पुन्हा मोकळे होते. चिखलातून मोती वेचावा तसे त्याने ते तेलातून वेचून काढले आणि त्याला जिरॅनिऑल हे नाव दिले.

नाव असे का? कारण युरोपच्या बाजारात हे तेल हिंदुस्थानी जिरॅनियम तेल म्हणून विकले जाई. वस्तुतः जिरॅनियम हे फुलझाड वेगळे आणि आपले गवत वेगळे. दोघांचा वंशसुद्धा एक नाही. व्यापाऱ्याने लावलेली खोटी चिठ्ठी रसायनशास्त्राच्या ग्रंथात कायमची चिकटून बसली. द्रव्य निघाले सातपुड्याच्या गवतातून आणि नाव लागले परक्या फुलाचे! ज्यांनी तेल काढले त्यांच्यापैकी कोणी लिहिणारा असता तर कदाचित जगाने आज त्याला रोशाचे नाव दिले असते.

त्या गवताच्या शास्त्रीय नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती शिक्षणसंस्थेत सांगण्याजोगी आहे. त्याला सिंबोपोगॉन मार्टिनाय म्हणतात. हा मार्टिन म्हणजे जनरल क्लॉड मार्टिन, लखनौचा फ्रेंच सरदार. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात बालाघाट प्रदेशात त्याने हे गवत पाहिले, बी जमविले, लखनौला लावले आणि कलकत्त्यास पाठविले. तेथे रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे नाव गवताला दिले. हा मार्टिन १८०० साली वारला. जाताना त्याने आपल्या संपत्तीतून लखनौ, कलकत्ता आणि फ्रान्समधील लियाँ येथे शाळा काढण्याची तरतूद करून ठेवली. ला मार्टिनियर शाळा त्या याच. युद्धावर गेलेला मनुष्य वाटेतले गवत वाकून पाहतो आणि मरताना शाळेचा विचार करतो, ही गोष्ट मला नेहमी लक्षात ठेवावीशी वाटते.

हे द्रव्य आहे तरी काय?

विद्यार्थ्यांनी आता लक्ष द्यावे. जिरॅनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. ते एक प्रकारचे अल्कोहोल आहे, पण पिण्याच्या दारूशी त्याचा संबंध नाही. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. आपले खोबरेल ज्यापासून साबण होऊन सुटते ते ग्लिसरीनसुद्धा त्याच कुटुंबातले. हे द्रव रंगहीन किंवा किंचित पिवळसर असते, पाण्यापेक्षा हलके असते आणि पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणूनच ते तवंग होऊन वर येते. त्याची नेमकी रचना शोधायला मात्र बराच काळ लागला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आल्बेर व्हर्ले याने १९१९ साली ती निश्चित केली.

येथे एक कोडे आहे. जिरॅनिऑल एकटे तापविले तर ते सुमारे २३० अंश सेल्सियसला उकळते. भट्टीतील पाणी तर १०० अंशांच्या वर जात नाही. मग तेल वाफेबरोबर येते कसे? उत्तर असे की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे दोघेही आपापल्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे देतात. दोन दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते आणि हे १०० अंशांच्या किंचित खालीच घडते. तेलाचा वाटा लहान असतो, पण प्रत्येक वाफेच्या झोताबरोबर थोडे थोडे तेल पळून येते. अशा रीतीने तेल न जळता बाहेर पडते. दादामियाँना ही बेरीज ठाऊक नव्हती, पण तिचा उपयोग ते रोज करीत होते.

रेणूत थोडासा फरक केला की वास कसा पालटतो तेही पाहा. जिरॅनिऑलमधून दोन हायड्रोजन काढून घेतले की सिट्राल होते, म्हणजे तुमच्या घरच्या गवती चहाचा वास. उलट दोन हायड्रोजन वाढविले की सिट्रोनेलॉल होते, म्हणजे गुलाबाच्या वासातील मोठा भाग. अणू तेवढेच ठेवून रेणूचा एक बाहू दुसऱ्या बाजूला वळविला तर नेरॉल होते. त्याचाही वास गोड, पण निराळा. गवती चहा आणि रोशा ही चुलत भावंडे आहेत. दोघेही सिंबोपोगॉन. सिट्रालपासून पुढे आयोनोन नावाचे व्हायोलेट फुलाच्या वासाचे द्रव्य तयार होते आणि आयोनोनपासून कारखान्यात अ जीवनसत्त्व बनवितात. गवताच्या वासापासून डोळ्यांच्या औषधापर्यंतचा रस्ता एवढा सरळ आहे.

वनस्पती हे द्रव्य पाच-पाच कार्बनांचे दोन तुकडे जोडून बनविते. हेच तुकडे पुढे जोडत गेले की गाजराचा रंगही तयार होतो. एवढेच नव्हे, तुमच्या आमच्या शरीरात कोलेस्टेरॉल बनताना याच दहा कार्बनांच्या पायरीवरून जावे लागते. मधमाश्यांच्या कामकरी माशीच्या पाठीमागच्या एका ग्रंथीतून जो वास सुटतो, त्यातही जिरॅनिऑल असते. वाट चुकलेल्या बहिणींना पोळ्याकडे बोलाविण्यासाठी ती तो वास पंखांनी हवेत पसरविते.

अभिमान आणि पुरावा

आपल्या सभांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते, की अत्तराचा शोध इब्न सिनाने लावला. इब्न सिना हा फार मोठा वैद्य आणि विद्वान होता, यात शंका नाही. त्याचा काळ ९८० ते १०३७. पण त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी, नवव्या शतकात, अल्-किंदी या विद्वानाने अत्तर आणि ऊर्ध्वपातन यांच्या रसायनावर ग्रंथ लिहिला. त्यात शंभरावर कृती आहेत. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला अरबीत अल्-अंबीक म्हणतात. तो शब्द अरबांनी ग्रीकांकडून घेतला आणि पुढे युरोपने अरबांकडून घेतला. अत्तर हा आपला शब्दही अरबी इत्र याचेच रूप. कनौजचे कारागीर आजही देग आणि भपका वापरतात. म्हणजे विद्या एकाने दुसऱ्याकडून घेतली, तीत भर घातली आणि तिसऱ्याला दिली. वाडवडिलांचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो पुराव्यानिशी बाळगावा. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांचा खरा वारसा म्हणजे वाचणे, लिहिणे आणि तपासून पाहणे.

गुलाबाच्या अत्तराची गोष्टही अशीच. नूरजहाँने ते शोधले असे सर्वजण सांगतात. बादशहा जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात श्रेय देतो ते नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला. गुलाबपाणी तयार करताना गरम पाणी पसरट भांड्यांत ओतले की वर बारीक तवंग येतो, हे त्या बाईच्या नजरेस पडले. तिने तो थोडा थोडा जमविला. त्याचा वास इतका तीव्र निघाला की सलीमा सुलतान बेगमने त्याला इत्र-ए-जहांगिरी नाव दिले. विचार करा. तो तवंग तिच्याआधी कित्येकांनी पाहिला असेल आणि पुसून टाकला असेल. तिने थांबून पाहिले.

बाटलीची साक्ष

आता आमच्या घरची एक कडू आठवण सांगतो. रोशाच्या तेलाचा मोठा व्यापार पूर्वी मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला होई. तुर्क लोक त्याला इद्रीस यागी म्हणत. तेथे ते लिंबाच्या रसाने आणि उन्हात ठेवून नितळ करीत आणि बल्गेरियातल्या काझानलिक येथे पाठवीत. कशासाठी? गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळण्यासाठी. एक किलो गुलाबतेलाला सुमारे ३ ते ४ हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा आपल्या गवताचे तेल घालून ते वाढविणे फायद्याचे होते. तिकडे आपल्या तेलाने भेसळ होई आणि इकडे आपल्या तेलातच शेंगदाण्याचे किंवा टर्पेंटाइनचे तेल मिसळले जाई. आपल्या बाजूचेही काही लोक हे करीत होते. ते लपवून काय उपयोग?

मी दहा वर्षांचा असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दादामियाँचे तेल भेसळीचे ठरवून निम्मा भाव दिला. दादामियाँनी थेंबभरही काही मिसळले नव्हते. त्यांनी परोपरीने सांगितले, शपथ घेतली. व्यापारी म्हणाला, शपथ सगळेच घेतात. ते परत आले ते अंथरुणाला खिळल्यासारखेच झाले. पुढच्या हंगामात भट्टी लागली, पण मोठी लागली नाही.

आठ-नऊ वर्षांनी मी बी.एस्सी.ला असताना पुस्तकात वाचले की शुद्ध रोशाचे तेल ७० टक्के अल्कोहोलच्या साधारण तीनपट भागात पूर्ण विरघळते. शेंगदाण्याचे तेल घातलेले असेल तर मिश्रण गढूळ होते. टर्पेंटाइन असेल तरी ते स्वच्छ विरघळत नाही. आणखी सोपी परीक्षा म्हणजे टीपकागदावर एक थेंब टाकून उन्हात ठेवणे. शुद्ध तेल उडून जाते, खाण्याच्या तेलाचा डाग राहतो. मी पुस्तक मिटून बसून राहिलो. पाच मिनिटांचे काम आणि एक परीक्षानळी! एवढे जर आमच्या घरात एकाला ठाऊक असते, तर दादामियाँना शपथ घ्यावी लागली नसती, बाटलीनेच साक्ष दिली असती. शिक्षणाने नोकरी मिळते असे आपण म्हणतो. नोकरी मिळेल किंवा न मिळेल. पण आपले खरे खरे म्हणून सिद्ध करता येणे, ही शिक्षणाची पहिली मिळकत आहे.

त्या सुट्टीत आमच्या प्राध्यापकांनी मला थोडे शुद्ध जिरॅनिऑल लहान कुपीत घालून दिले. मी मोठ्या ऐटीत ते घरी नेले. आपा माहेरी आली होती, कडेवर मूल होते. मी कुपी तिच्या हाती दिली आणि काय आहे ते सांगितले नाही. तिने वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. म्हणाली, "हे आपलंच आहे. पण यात गवत नाही."

मित्रांनो, मला हे समजायला पुढे आणखी दोन वर्षांचे शिक्षण लागले. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल मुख्य असले तरी त्याखेरीज जिरॅनिल ॲसिटेट, लिनालूल आणि कॅरिओफिलीन अशी द्रव्येही थोडी थोडी असतात. त्या सगळ्यांनी मिळून गवताचा वास होतो. प्रयोगशाळेत हे शोधायला यंत्र लागते. आपाने ते मूल कडेवर घेऊन, उभ्या उभ्या सांगितले.

मग तिने विचारले, "हे तुम्ही कागदावर कसं लिहिता?" मी दहा कार्बनांची साखळी काढून दाखविली. तिने ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "वास कुठल्या टोकाला असतो?" हा प्रश्न साधा नाही. रेणूचा आकार आणि त्याचा वास यांचा संबंध नेमका कसा, यावर आजही शास्त्रज्ञ काम करीत आहेत. मी त्या दिवशी हसून विषय टाळला. कारण मला उत्तर येत नव्हते आणि चौथी शिकलेल्या बहिणीसमोर तसे कबूल करण्याची माझी तयारी नव्हती.

आपा आता या जगात नाही. कोणत्या तुऱ्याचा वास कसा, गवत किती वाळले की तेल चांगले उतरते, पहिल्या आणि शेवटच्या वाफेत काय फरक असतो, हे सारे तिला ठाऊक होते. माझ्याजवळ पदवी होती, वही होती, लेखणी होती. मी तिला बसवून एकदाही काही लिहून घेतले नाही. याकोब्सेनने लिहिले म्हणून त्याचे नाव राहिले. आपाचे ज्ञान तिच्याबरोबर गेले. याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

आजची स्थिती

आज खानदेशातल्या त्या जुन्या भट्ट्या माझ्या पाहण्यात नाहीत. जगात वापरले जाणारे बरेचसे जिरॅनिऑल आता कारखान्यात, टर्पेंटाइन किंवा खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून बनते. साबण, पावडर, अत्तरे, डास पळविणारी मलमे यांत ते जाते. तरीही गवताच्या खऱ्या तेलाला मागणी आहे. लखनौच्या, १९५९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेने, जिला आज सीमॅप म्हणतात, रोशाचे तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे सुधारित वाण काढले आहेत. जंगलातले गवत आता शेतात लावता येते आणि हलक्या जमिनीतही येते.

एक सावधगिरीही सांगतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असा समज करून घेऊ नये. जिरॅनिऑलने काहींच्या त्वचेला खाज येते, पुरळ उठते. म्हणून युरोपात नियमानुसार प्रसाधनात ते ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर नाव छापावे लागते. निव्वळ तेल अंगाला चोळू नये, मुलांच्या हाती देऊ नये. समोर फिरणारी बाटलीही फक्त हुंगण्यासाठी आहे!

आता उपदेश

आरंभी कबूल केल्याप्रमाणे उपदेश थोडक्यात करतो.

विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी. तुमच्या घरात, मोहल्ल्यात कोणी रंगारी असेल, कोणी तांबट, कोणी बागवान, कोणी अत्तरवाले, कोणी विणकर. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते पुस्तकात नाही. या सुट्टीत एक वही घ्या आणि आजी-आजोबांना प्रश्न विचारून लिहून काढा. नंतर ते पुस्तकाशी ताडून पाहा. कुठे पुस्तक बरोबर निघेल, कुठे आजी बरोबर निघेल. दोन्ही वेळी तुमचा फायदाच आहे.

संस्थेच्या चालकांना विनंती अशी की शाळेच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाचा एक लहान संच असावा. गवती चहा प्रत्येकाच्या अंगणात आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी त्याचे तेल स्वतः काढून पाहावे. तवंग वर येताना एकदा पाहिला की तो जन्मभर विसरत नाही. अशा एका संचासाठी मी माझी छोटीशी देणगी आज अध्यक्षांकडे दिली आहे.

आणि पालकांना, विशेषतः मुलींच्या आईबापांना, हात जोडून सांगणे आहे. दहावी झाली, आता पुरे, असे म्हणण्याआधी एक रात्र विचार करा. मुलगी हुशार नाही असे तुम्हांला वाटत असेल. माझ्या वडिलांनाही तसेच वाटले होते, कारण आपा पाढे चुकत असे. वास कुठल्या टोकाला असतो, हा प्रश्न आमच्या घरात जिला सुचला तिला आम्ही चौथीतून काढले आणि ज्याला सुचला नाही त्याला एम.एस्सी. केले. आज मघाशी जी बक्षिसे वाटली, त्यांत विज्ञानाच्या बक्षिसांसाठी मुलीही व्यासपीठावर आल्या. त्यांच्या आईबापांनी माझ्याकडे एक मिनिट पाहावे आणि घरी जाऊन पुढच्या वर्षाचा फॉर्म भरावा. एवढेच माझे मागणे आहे.

बाटली शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली असेल. बूच घट्ट लावून परत द्या. हे तेल उडून जाते, त्याला जपावे लागते.